जुन्या फिल्म कॅमेऱ्याचे शटर स्वच्छ करताना : पहिल्यांदाच शटर उघडणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

पन्नास-साठ वर्षे कपाटात पडून राहिलेला फिल्म कॅमेरा हाती आला की बहुतेकदा एकच तक्रार असते. जलद वेगांवर शटर चालल्यासारखे वाटते, पण एक सेकंदावर लावून खटका दाबला की पाती उघडतात आणि उघडीच राहतात. आत काहीतरी तुटले असावे, असा समज होऊन अनेक चांगले कॅमेरे पुन्हा कपाटात जातात. मी आजवर उघडलेल्या शटरांपैकी खरोखर तुटलेला भाग फार थोड्यांत निघाला. बाकी सगळ्यांत दोष होता तो वाळून चिकट झालेल्या वंगणाचा. म्हणून या लेखातील प्रत्येक पायरी एकाच समजुतीवर उभी आहे : शटर बिघडलेले नाही, मळलेले आहे असे धरून चालायचे, आणि मळ काढण्यासाठी जेवढे उघडणे आवश्यक आहे तेवढेच उघडायचे.

लेखाचा बहुतेक भाग लेन्समध्ये बसवलेल्या पात्यांच्या शटराविषयी आहे, कारण नवशिक्याला ते स्वतः स्वच्छ करता येते. पडद्याच्या शटराविषयी शेवटी लिहिले आहे.

१. शटर कोणत्या जातीचे आहे ते ओळखा

लेन्सच्या आत, ॲपर्चरच्या (प्रकाश आत येण्याचे भोक लहान-मोठे करणाऱ्या भागाच्या) शेजारी, पातळ पोलादी पाती एकमेकांवर सरकून उघडत-मिटत असतील तर ते पात्यांचे शटर होय. घडीचे कॅमेरे, दोन लेन्सचे रिफ्लेक्स आणि पक्क्या लेन्सचे असंख्य ३५ मिमी कॅमेरे याच जातीचे आहेत. म्युनिकच्या फ्रीडरिख डेकेल यांच्या कारखान्याने १९१२ मध्ये आणलेले कॉम्पूर, काल्मबाखच्या आल्फ्रेड गॉथिए यांचे प्रॉन्टर, आणि जपानी सेकोशा व कोपाल ही यांतली नेहमी भेटणारी नावे. कॉम्पूर या नावातला शेवटचा ‘ऊर’ म्हणजे जर्मन भाषेत घड्याळ. त्याच्या आधीच्या कंपाउंड शटरात मंद वेग हवेच्या नळकांडीने साधलेला असे; कॉम्पूरने त्या जागी घड्याळासारखी दंतचक्रांची रांग बसवली. आपण जे दुरुस्त करणार आहोत ते मुख्यतः हेच छोटे घड्याळ, ही गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचे बरेच काही आपोआप उलगडते.

याउलट लेन्स काढल्यावर आत, फिल्मच्या अगदी पुढे, काळ्या कापडाचा किंवा धातूचा पडदा दिसत असेल तर ते पडद्याचे शटर होय. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायकापासून अनेक ३५ मिमी कॅमेऱ्यांत रबर चढवलेल्या कापडाचे, आडवे धावणारे दोन पडदे असतात.

२. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी तपासणी करा

ही पायरी वगळण्याचा मोह सर्वांना होतो. बिघाड नसलेला कॅमेरा उघडून बिघडवण्याचे प्रकारही याच मोहातून घडतात.

प्रथम हे पाहा की खटका दाबला जात नाही तो शटरामुळे की फिल्म नसल्यामुळे. एकाच चौकटीवर दोनदा चित्र येऊ नये म्हणून अनेक कॅमेऱ्यांत अशी योजना असते की फिल्म पुढे सरकली नाही तर खटका अडून राहतो. कोडॅकच्या रेटिना मालिकेतील काही कॅमेऱ्यांत शटर ताणण्याचे, म्हणजे पुढच्या खटक्यासाठी त्याची स्प्रिंग सज्ज करण्याचे, काम फिल्मच्या भोकांत बसणारे दातेरी चाक करते. आत फिल्म नसेल तर ते चाक फिरत नाही आणि शटर ताणलेच जात नाही. मागचे दार उघडून ते चाक बोटाने फिरवले की सगळे सुरळीत चालते. याच मालिकेतील रेटिना दोन-सी आणि तीन-सी यांचा चित्रमोजणीचा काटा उलटा चालतो व १ वर पोहोचला की सगळे कुलूपबंद होते. काटा पुढे सरकवणे एवढाच त्यावरचा उपाय. असे ‘नादुरुस्त’ कॅमेरे मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

तपासणी करतानाच काही सवयी लावून घ्या. सेल्फ टायमरच्या लिव्हरला हात लावू नका. जुन्या शटरात सर्वांत आधी अडकतो तो हाच भाग, आणि तो अर्ध्यात अडकला की संपूर्ण शटर बंद पडते. १/५०० हा वेग असलेल्या सिंक्रो-कॉम्पूरमध्ये तो वेग शटर ताणण्यापूर्वीच लावावा, कारण त्यासाठी एक जादा स्प्रिंग कामाला लागते आणि ताणल्यानंतर कडी जबरदस्तीने फिरवल्यास आतल्या भागांना इजा होते. झोर्की-४ सारख्या सोव्हिएत कॅमेऱ्यांत नेमके उलट आहे : तिथे आधी शटर ताणायचे आणि मगच वेगाची चकती फिरवायची.

आता खरी परीक्षा. कॅमेरा रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी पहिला खटका १ सेकंदावर, लेन्सकडे पाहत, दाबा. हा पहिला खटकाच खरे सांगतो. दहा-बारा वेळा शटर चालवल्यावर चिकट वंगण थोडे सैल होते, वेग सुधारल्यासारखे वाटतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दुसऱ्यांदा दाबताना कॅमेरा कानाशी धरा. निरोगी शटराचा १ सेकंदाचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा असतो : एक टक, मग अखंड बारीक घरघर, मग दुसरा टक. घरघर मध्येच खोल जाऊन रेंगाळत असेल किंवा शेवटच्या टकापूर्वी थांबत असेल तर मंद वेगांची दंतचक्रे मळलेली आहेत. घरघर व्यवस्थित आहे पण पाती सावकाश मिटतात, किंवा अर्धी उघडून थांबतात, असे असेल तर दोष पात्यांवर आलेल्या तेलाचा आहे. घरघर मुळीच नाही आणि सगळे वेग सारखेच वाटतात, तर मंद वेगांची यंत्रणा जागेवरून सुटलेली किंवा पूर्ण अडकलेली आहे. या तिन्हींचा उपाय वेगळा, म्हणून कोणते लक्षण दिसले ते कागदावर लिहून ठेवा.

३. लागणारी साधने

- घड्याळजी वापरतात तसे बारीक, सपाट टोकाचे स्क्रू ड्रायव्हर. टोक स्क्रूच्या खाचेत सैल बसत असेल तर ते वापरू नका. खाच एकदा झिजली की तो स्क्रू काढणे हे वेगळेच काम होऊन बसते. जपानी कॅमेऱ्यांत अधिकच्या चिन्हाचे स्क्रू असतात, पण त्यांची खाच जपानी मानकाची असते. नेहमीचे फिलिप्स टोक तिच्यात पूर्ण बसत नाही आणि खाच खाऊन टाकते.
- लेन्सच्या कड्या फिरवण्याचा दोन टोकांचा लेन्स स्पॅनर. कात्री, कंपास किंवा पक्कड यांनी हे काम करू नये. एकदा घसरलेले टोक काचेवर कायमची रेघ उमटवते.
- खाचा नसलेल्या कड्यांसाठी रबराचा बूच किंवा जाड रबरी नळीचा तुकडा.
- चुंबकत्व नसलेला बारीक चिमटा, घड्याळजीचे भिंग, रबरी ब्लोअर, मऊ ब्रश.
- इअरबडसारख्या कापसाच्या काड्या, धागे न सुटणारा टिश्यू, आणि बोटांचा घाम लागू नये म्हणून पातळ हातमोजे.
- नॅफ्था, म्हणजे सिगारेट लायटरमध्ये भरतात ते इंधन.
- ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल.
- घड्याळाचे तेल, अगदी थोडे, आणि ते लावायला बारीक सुई.

द्रावकांविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. नॅफ्था वंगण विरघळवते आणि रंगाला सहसा धक्का लावत नाही, म्हणून मुख्य भर त्याच्यावर. तरी नवी बाटली उघडली की एक थेंब स्वच्छ काचेवर टाकून सुकू द्या आणि काच तिरक्या प्रकाशात धरा. कडेला वर्तुळ उमटले तर ते नॅफ्था पात्यांसाठी वापरू नका, कारण तीच साय पात्यांवरही राहील. अल्कोहोल घ्यायचे तर ९९ टक्केच घ्या. कमी तीव्रतेच्या अल्कोहोलमधील पाणी पोलादी पात्यांना गंज आणते. स्क्रू पक्के करण्यासाठी लावलेली लाख अल्कोहोलने सुटते, आणि आकड्यांचा रंगही कधी कधी निघतो, तेव्हा ते जपून वापरावे. ॲसिटोन मात्र टाळाच, कारण ते प्लॅस्टिक आणि रंग दोन्ही खाते. गंजलेले बोल्ट सुटावेत म्हणून मारायचा तेलकट फवारा शटराच्या जवळपाससुद्धा आणू नये. तो आत गेला की पूर्ण शटर सुटे केल्याशिवाय बाहेर निघत नाही.

नॅफ्था चटकन पेट घेते. खिडकी उघडी असावी, खोलीत ज्योत, सिगारेट किंवा हीटर नसावा, आणि भिजलेले टिश्यू झाकणाच्या डब्यात न ठेवता मोकळ्या हवेत सुकवावेत.

४. जागा आणि नोंदी

टेबलावर फिकट रंगाचा, काठ असलेला ट्रे घ्या आणि त्यात पांढरा कापडी रुमाल पसरा. पडलेला स्क्रू कापडावर उडत नाही आणि पांढऱ्यावर चटकन दिसतो. बर्फाच्या ट्रेचे कप्पे काढलेल्या भागांसाठी उत्तम; पहिल्या कप्प्यात पहिला भाग, दुसऱ्यात दुसरा, असे क्रमाने ठेवत गेलात तर जोडताना केवळ उलट चालत यायचे असते.

प्रत्येक भाग उचलण्यापूर्वी मोबाइलने छायाचित्र घ्या, उचलल्यानंतर नव्हे. विशेषतः केसासारख्या बारीक स्प्रिंगचे टोक कोणत्या खुंटीच्या कोणत्या बाजूला टेकलेले आहे हे दिसेल इतके जवळून घ्या. जुन्या शटरांत या स्प्रिंगा तीन-चार असतात, दिसायला सारख्याच असतात, आणि त्यांची जागा स्मरणाने सांगता येत नाही.

५. लेन्सचा पुढचा भाग काढणे

लेन्सचा पुढचा भाग बहुतेक कॅमेऱ्यांत डावीकडे फिरवून निघतो. तो हलत नसेल तर जोर वाढवू नका. आट्यांच्या कडेला सुईने नॅफ्थाचा एक थेंब सोडा, दहा मिनिटे थांबा, आणि रबराने पुन्हा फिरवून पाहा.

पुढचे एकच भिंग फिरवून फोकस करायचा असतो असे साधे तीन भिंगांचे लेन्स फार आढळतात, आणि नवशिक्यांचा मोठा घोटाळा इथेच होतो. या भिंगाच्या आट्यांना अनेक सुरुवाती असतात, त्यामुळे ते वेगवेगळ्या ठिकाणांहून आत जाऊ शकते, आणि त्यांपैकी एकच ठिकाण बरोबर असते. म्हणून आधी फोकस अनंतावर लावा. भिंगाच्या कडीवर आणि शटराच्या अंगावर समोरासमोर बारीक खूण करा. मग फोकसच्या कडीचे तीन बारीक स्क्रू सैल करा (पूर्ण काढू नका, ते हरवतात), कडी उचला आणि भिंग हळूहळू उलगडत न्या. ज्या क्षणी ते आट्यांतून सुटून हातात येते त्या क्षणी खुणांची परस्परस्थिती कशी आहे त्याचे छायाचित्र घ्या. मी पहिल्या वेळी ही खूण केली नव्हती. भिंग परत बसले, शटर सुरेख चालले, आणि फिल्म धुतल्यावर सगळी चित्रे अस्पष्ट निघाली. योग्य सुरुवात शोधण्यात पुढे दोन संध्याकाळी गेल्या.

मागचे भिंग कॅमेऱ्याच्या आतून, मागचे दार उघडून काढता येते. संपूर्ण शटर कॅमेऱ्यातून सुटे करण्याची गरज सहसा पडत नाही. पडलीच तर शटराच्या मागे पितळेच्या किंवा कागदाच्या पातळ चकत्या आहेत का ते पाहा आणि त्या मोजून ठेवा. लेन्स आणि फिल्म यांच्यातले अंतर त्यांनी नेमके केलेले असते. त्यांतील एक जरी राहून गेली तरी फोकस बिघडतो.

६. पाती स्वच्छ करणे

पात्यांवरचे तेल येते कुठून? फोकसच्या आट्यांना लावलेल्या ग्रीसमधील पातळ तेल वर्षानुवर्षे वेगळे होऊन आत झिरपते. पाती कागदासारखी पातळ, त्यांना हलवणाऱ्या स्प्रिंगा नाजूक. एका थेंबाच्या शंभराव्या भागाएवढे तेल दोन पात्यांमध्ये शिरले तरी ती एकमेकांना अशी धरतात जशा दोन ओल्या काचा. पात्यांना कधीही तेल लावायचे नसते, ती कोरडीच चालतात.

पुढची आणि मागची भिंगे निघाल्यावर कापसाची काडी नॅफ्थात बुडवून टिश्यूवर टिपून घ्या. काडी ओलसर असावी, तिच्यातून थेंब गळता कामा नये. मिटलेल्या पात्यांवर मधून कडेकडे, अजिबात न दाबता फिरवा. शटर पाच-सहा वेळा चालवा, म्हणजे पात्यांच्या आतल्या बाजूचे तेल वर येते. द्रावक उडून जाईपर्यंत थांबा, नवी काडी घ्या, मागच्या बाजूनेही हेच करा. पहिल्या काडीवर पिवळट-करडा डाग येईल, पाचवी-सहावी कोरी निघेल. नंतर पाती टॉर्चच्या तिरक्या प्रकाशात पाहा. इंद्रधनुष्यासारखे रंग दिसत असतील तर तेल अजून आहे.

मधल्या काळात एक गोष्ट घडेल आणि घाबरून जाल : ओली असताना पाती अधिकच अडकतील. ते द्रावकामुळे आहे. सुकू द्या. बोटाने किंवा चिमट्याने ढकलू नका. पाते एकदा वाकले की ते शेजारच्या पात्यावर चढते.

आता ज्या चुकीसाठी हा लेख लिहावासा वाटला ती. शटराच्या फटीत लायटरचे इंधन सोडायचे, खटका चालवत राहायचे, आणि काही न उघडता काम झाले असे समजायचे, ही युक्ती सर्वत्र सांगितली जाते. माझ्या पहिल्या घडीच्या कॅमेऱ्यावर मी तेच केले. त्या संध्याकाळी सर्व वेग घड्याळासारखे चालले आणि मला अतिशय आनंद झाला. तिसऱ्या दिवशी पाती अर्ध्यावर थांबली. विरघळलेले ग्रीस शटराबाहेर गेलेच नव्हते. द्रावकासोबत पसरून ते पात्यांवर आणि प्रत्येक आसाच्या भोकात जाऊन बसले होते, आणि द्रावक उडून गेल्यावर तिथेच राहिले होते. जो मळ एका जागी होता तो मी स्वतः सगळीकडे नेला. ते शटर नंतर पूर्ण सुटे करून धुवावे लागले.

७. मंद वेगांची यंत्रणा काढणे आणि धुणे

तपासणीत घरघर रेंगाळत होती त्यांनीच ही पायरी करावी. जिथे केवळ पाती तेलकट होती तिथे सहाव्या पायरीवर थांबणे शहाणपणाचे.

शटर ताणलेले नाही याची खात्री करा आणि वेगाची कडी कोणत्या आकड्यावर आहे ते टिपून घ्या. कॉम्पूरच्या समोर एक दंतुर किंवा खाचा असलेली कडी असते, आणि तिच्या काठाशी एक अतिशय लहान स्क्रू. त्याच्या डोक्याची एक बाजू चंद्रकोरीसारखी कापलेली असते. हा स्क्रू काढायचा नसतो. कापलेली बाजू कडीकडे येईपर्यंत तो फिरवला की कडी मोकळी होते आणि डावीकडे फिरून निघते. प्रॉन्टर आणि इतर शटरांत याच जागी एक-दोन साधे स्क्रू असतात. कडी निघाली की आकड्यांची पट्टी, आणि तिच्याखाली वेगवेगळ्या आकाराच्या वळणदार खाचा कापलेली चकती दिसते. या खाचांत आतल्या लिव्हरांच्या खुंट्या चालतात. तुम्ही १/२५ ऐवजी १/१० लावता तेव्हा प्रत्यक्षात खाचेचा उतार त्या खुंटीला थोडे सरकवतो, आणि दंतचक्रे कमी-अधिक प्रमाणात कामाला लागतात. चकती सरळ वर उचला. ती पारदर्शक पिशवीत हात घालून उचलली तर एखादी स्प्रिंग उसळली तरी पिशवीतच राहते.

आता आत पाहा. एका बाजूला दोन पितळी पट्ट्यांच्या मध्ये चार-पाच दंतचक्रांची रांग दिसेल, आणि तिच्या टोकाला इकडून तिकडे डोलणारा छोटा अँकर. मघाशी कानाने ऐकलेली घरघर त्याचीच. सर्वांत मंद वेगांना अँकर चक्रात गुंततो, मधल्या वेगांना तो बाजूला होतो आणि केवळ चक्रांचे वजन वेळ लावते, आणि सर्वांत जलद वेगांना ही सबंध रांगच वगळली जाते. त्यामुळेच मळलेले शटर १/१०० वर ठणठणीत आणि १ सेकंदावर आजारी असते.

ही रांग दोन किंवा तीन स्क्रूंनी बसवलेली असते. स्क्रू सैल करण्यापूर्वी तिच्या कडेलगत, शटराच्या तळावर, सुईने बारीक रेघ ओढा. रांग लिव्हरमध्ये किती खोल गुंतते यावर वेग ठरतो आणि कारखान्यात ही खोली रांग किंचित सरकवून जुळवलेली असते. रेघेशिवाय ती जागा परत सापडत नाही. रांग सुटी करू नका, अखंडच काढा.

काचेच्या लहान बरणीत नॅफ्था घेऊन तिच्यात ही रांग दहा-पंधरा मिनिटे ठेवा, चिमट्याने धरून हलवा, मऊ ब्रशने आसांची टोके घासा. पहिले नॅफ्था पिवळे होईल. ते बदला, आणि नवे नॅफ्था कोरे राहीपर्यंत पुन्हा धुवा. टिश्यूवर ठेवून ब्लोअरने वाळवा. मग पहिले चक्र बोटाच्या हलक्या स्पर्शाने ढकला. रांग निरोगी असेल तर ती एका दमात शेवटपर्यंत धावते आणि अँकर भुंग्यासारखा गुंजतो. मध्येच थांबली तर त्या जागच्या दात्यांत भिंगातून पाहा. बहुधा कापसाचा एखादा धागा किंवा हिरवट पडलेल्या वंगणाचा कण दिसेल.

८. तेल : किती आणि कुठे

तेल फक्त दंतचक्रांच्या आसांच्या टोकांना लावायचे, तेही सुईच्या अग्रावर मावेल तेवढे. शाईच्या बारीक टिंबाएवढा थेंब दिसला तर तो जास्त आहे; टिश्यूच्या टोकाने टिपून घ्या. दात्यांना, अँकरला आणि पात्यांना तेल नाही. वेगाच्या चकतीखालच्या जागा, जिथे धातू धातूवर घासतो, तिथे मॉलिब्डेनमच्या ग्रीसचा पुसट हात पुरे. शंका आली तर तेल लावूच नका. कोरडे शटर वर्षानुवर्षे चालते, जास्त तेल लावलेले मात्र काही महिन्यांत पुन्हा अडते.

९. जोडणी आणि वेग मोजणे

रांग रेघेशी जुळवून बसवा, चकती ठेवा, प्रत्येक खुंटी आपापल्या खाचेत गेली आहे ना ते पाहा. चकती सपाट बसली नाही तर दाबू नका. कुठली तरी खुंटी खाचेबाहेर आहे. कडी लावून अगदी हलक्या हाताने एकेक वेग फिरवून बघा, आणि प्रत्येक वेगावर आवाज बदलतो का ते ऐका.

मोजण्यासाठी पहिले साधन मोबाइलच. शटराचा आवाज ध्वनिमुद्रित करून त्याची आकृती पाहिली तर उघडण्याचा आणि मिटण्याचा टक वेगळे दिसतात व त्यांच्यातील अंतर मोजता येते. १ सेकंदापासून सुमारे १/३० पर्यंत ही पद्धत उपयोगी पडते. पुढे दोन्ही टक एकमेकांत मिसळतात. दर सेकंदाला २४० चौकटींच्या मंद चित्रफितीत १/२ सेकंदाला १२० चौकटी, १/३० ला ८ चौकटी उजळ दिसायला हव्यात. १/१२५ ला मात्र त्या दोनच उरतात, म्हणून तिथे हा उपाय अपुरा आहे. जलद वेगांसाठी शटराच्या मागे प्रकाशाला प्रतिसाद देणारा डायोड आणि समोर टॉर्च ठेवून संगणकाच्या माइकच्या जागेतून नोंद घेतात. घरातला विजेवरचा दिवा लुकलुकतो, म्हणून प्रकाश बॅटरीच्या टॉर्चचाच असावा.

आकडे कसे वाचायचे तेही सांगतो. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे. १ सेकंदाच्या जागी सव्वा सेकंद लागले तर फरक एक तृतीयांश स्टॉप, १.४ सेकंद लागले तर अर्धा स्टॉप, दुप्पट लागले तर पूर्ण एक. निगेटिव्ह फिल्म अर्ध्या स्टॉपचा जादा प्रकाश सहज पचवते, स्लाइड फिल्म पचवत नाही. जुन्या शटराचा सर्वोच्च वेग, म्हणजे कॉम्पूर-रॅपिडच्या लहान आकारातील १/५०० किंवा मोठ्या आकारातील १/४००, सहसा पूर्ण भरत नाही. तो भरावा म्हणून स्प्रिंग वाकवू किंवा ताणू नका. कमी पडतो तेवढा कमी धरून ॲपर्चर लावणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

१०. फोकस अनंतावर जुळवणे

पुढचे भिंग खुणेप्रमाणे बसवल्यावरही ही तपासणी करावी. ज्या दोन आतल्या रुळांवर फिल्म टेकते त्यांवर दुधी चिकटपट्टी किंवा ट्रेसिंग पेपर ताणून बसवा. बाहेरच्या रुळांवर बसवल्यास अंतर चुकते. शटर ‘बी’ (B) वर, म्हणजे खटका दाबलेला असेपर्यंत शटर उघडे राहते त्या खुणेवर, लावून खटका दाबून धरणाऱ्या, कुलूप असलेल्या केबलने उघडे ठेवा, ॲपर्चर पूर्ण उघडा, आणि काही शे मीटर दूरच्या खांबाची किंवा इमारतीची कड घड्याळजीच्या भिंगातून पाहा. कड सर्वांत तीक्ष्ण दिसेल तिथे भिंग थांबवा, मग फोकसची कडी अनंताच्या खुणेवर ठेवून तिचे तीन स्क्रू आवळा.

पडद्याच्या शटराबाबत : काय करावे, काय करू नये

पडद्याच्या शटरात जलद वेग म्हणजे पडदा वेगाने धावणे नव्हे, तर दोन पडद्यांमधील फट अरुंद होणे. समजा ३६ मिमीची चौकट ओलांडायला पडद्याला १८ मिलिसेकंद लागतात. १/५०० म्हणजे २ मिलिसेकंद, तेव्हा फट सुमारे ४ मिमीची हवी. दुसरा पडदा थोडा जरी लवकर धावला तरी ही फट वाटेतच मिटते, आणि चित्राची एक बाजू काळी राहते. ते पाहून पडद्याचे ताण देणारे स्क्रू फिरवावेसे वाटतात. ते फिरवू नका. दोन्ही पडद्यांचे ताण परस्परांशी जुळवलेले असतात, आणि दोन्ही पडद्यांची धाव मोजण्याचे साधन हाती नसेल तर हा समतोल बिघडतच जातो. हे काम जाणकाराकडे सोपवावे.

तुम्हाला करता येईल ते हे. लेन्स काढून, अंधाऱ्या खोलीत, मागच्या दाराकडून टॉर्च धरा आणि समोरून पाहा. पडद्यात टाचणीएवढी भोके असतील तर ताऱ्यांसारखी चमकतील. रेंजफाइंडर कॅमेरा लेन्सचे झाकण न लावता सूर्याकडे तोंड करून ठेवला की लेन्स काडेपेटीचे काम करते आणि कापडाला भोक पडते. बरीच भोके अशी पडलेली असतात. लवचीक राहणाऱ्या काळ्या कापडी रंगाचा अत्यंत पातळ थर भोकावर, आणि केवळ भोकावरच, बारीक ब्रशने द्या. तो पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे एक दिवस तरी, पडदा गुंडाळला जाणार नाही अशा बेताने कॅमेरा ठेवा. कापड कडक होऊन तडकले असेल तर रंगाने भागत नाही, पडदाच बदलावा लागतो.

काम झालेल्या शटरात पहिली फिल्म घालाल तेव्हा एकाच दृश्याची, सारख्याच प्रकाशात, प्रत्येक वेगावर एकेक चौकट घ्या. वेग निम्मा झाला की ॲपर्चर एका स्टॉपने मिटवत जा, आणि चौकटीचा क्रमांक व वेग वहीत लिहा. धुतलेली पट्टी उजेडावर धरली की सर्व चौकटी सारख्या गडद दिसायला हव्यात. जी वेगळी दिसते तिचा वेग चुकतो आहे. त्यानंतर कॅमेरा ठेवताना शटर ताणलेले ठेवू नका, आणि महिन्यातून एकदा तरी तो कानाशी धरून १ सेकंदावर चालवा.